चुलत्याचा फेंडर बास: लाल ड्युको, उपटलेले फ्रेट आणि चाळीस हजारांची बोली

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. चुलते ऑर्केस्ट्रात बास (जाड आवाजाची चार तारांची गिटार) वाजवायचे. ते गेल्यावर माळ्यावर गोधडीत गुंडाळलेला त्यांचा बास निघाला. डोक्यावर, म्हणजे चाव्यांकडच्या टोकाला, फेंडर (अमेरिकन गिटार कंपनी) लिहिलंय, फिंगरबोर्डवर (बोटं दाबायच्या पट्टीवर) मोत्यासारखे चौकोन आहेत, मागे तीन बोल्टची प्लेट, तिच्यावर मोठा इंग्रजी एफ आणि सहा आकडी नंबर. पण बॉडीला गॅरेजमधला लालभडक ड्युको (मोटारीचा रंग) मारलाय. ब्रिजजवळचा (तारांच्या खालच्या टोकाचा) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा चुंबकाचा भाग, काढून तिथं मोठं भोक कोरून कुठलातरी रुंद पिकअप बसवलाय आणि कडेनं एम-सील भरलंय. फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उपटलेत, पिकगार्ड (बॉडीवरचं संरक्षक पान) सनमायकाचा आहे, चार चाव्यांपैकी दोन भलत्याच. पुण्याचा एकजण चाळीस हजार द्यायला तयार आहे. विकावा का? की आधी नीट करून, मूळ रंग मारून मग विकावा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर बाकीचं वाचून उपयोग नाही. रंग मारू नका. पॉलिश पेपर लावू नका. ओळखीच्या सुताराला दाखवायला नेलात तरी बास त्याच्याकडे ठेवून येऊ नका. आत्ता तो जसा आहे, त्या अवस्थेत त्याची जी काही किंमत आहे, ती तुमच्या खर्चानं वाढण्याऐवजी कमी व्हायची शक्यताच जास्त. जुन्या वाद्याच्या बाजारात नवा रंग हा दोषच धरतात, मग तो कितीही सुबक असो. गॅरेजचा लाल काढून तुम्ही हुबेहूब कंपनीसारखा सनबर्स्ट (मधे फिका, कडेला गडद) मारलात, तरी घेणारा 'रंगवलेला' असंच म्हणणार. उलट त्या लालाखाली काय आहे हे बघण्याची संधी मात्र कायमची गेली.

आता हा खरंच फेंडर आहे का, ते बघू. डोक्यावरचं नाव हा पुरावा नव्हे. ते स्टिकर विकत मिळतं. नांदेडहून माझ्याकडे एक बास आला होता, तीस वर्षं सगळा गाव त्याला फेंडर म्हणायचा. उघडला तर आत जपानी पॉट (आवाजाच्या बटणाखालचा भाग), जपानी स्क्रू, आणि डोक्यावरच्या नावाखाली जुनं नाव घासल्याची खूण. मालकाचा चेहरा उतरला. वाद्य वाईट नव्हतं, सत्तरच्या दशकात जपान्यांनी नकला फार चांगल्या केल्या. पण हिशेब वेगळा झाला.

तुम्ही सांगितलेल्या खुणा मात्र फेंडरच्या जॅझ बास या मॉडेलशी जुळतात. जॅझ बास १९६० साली आला. १९६५-६६ मध्ये नेकच्या (लांब दांड्याच्या) कडेला पट्टी आणि पाठोपाठ मोत्यासारखे चौकोन आले. जॅझ बासला तीन बोल्टची प्लेट १९७५ च्या सुमारास आली, आणि नंबर प्लेटवरून उडी मारून डोक्यावर गेला तो १९७६ मध्ये. म्हणजे तीन बोल्ट आणि प्लेटवर नंबर, हे दोन्ही एकत्र असतील तर १९७५-७६ च्या आसपास. पण प्लेट म्हणजे तीन बोल्टनं धरलेला पत्रा; ती या बासची काढून त्या बासला लावता येते. म्हणून आत बघायचं.

तारा एकदम कापू नका, एकेक करत सैल सोडा. तारांजवळची तीन गोल बटणं आणि जॅक ज्या क्रोमच्या पट्टीत बसवलेत, त्या पट्टीचे स्क्रू काढा आणि पट्टी हळूच उलटी करा. वायरी ताणू नका. पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर आकडे ठोकलेले असतात. धूळ आणि जुनं फ्लक्स बसलेलं असेल तर जुन्या टूथब्रशनं थोडं स्पिरिट लावून घासा. १३७ नं सुरुवात होणारे सात आकडे दिसले तर पॉट सीटीएस कंपनीचा. पुढचे दोन आकडे वर्ष, शेवटचे दोन आठवडा. १३७७५२२ म्हणजे १९७५ सालचा बाविसावा आठवडा. वाद्य त्याआधीचं असू शकत नाही, नंतरचं असू शकतं, कारण पॉट कारखान्यात पडून राहायचे. तिन्ही पॉटवर जवळपासचे आकडे असतील आणि सोल्डरचा डाग कुणी छेडलेला दिसत नसेल, तर माझ्या लेखी ती प्लेटवरच्या नंबरापेक्षा मोठी साक्ष.

नेक काढायची हिंमत असेल तरच काढा. तिन्ही बोल्ट सारखे नसतात, त्यातला एक धातूत बसणारा असतो, दोन लाकडात. कुठला कुठून काढला ते कागदावर मांडून ठेवा. नेकच्या टाचेवर शिक्का असतो किंवा नसतो, सत्तरच्या मध्यावर त्यांची शिस्त बिघडली होती. साठच्या दशकातल्या शिक्क्यात मात्र एक गंमत आहे. ७ नोव्हेंबर ६५ असं काहीसं वाचून लोक सात तारीख समजतात. तो सात म्हणजे तारीख नाही, जॅझ बासच्या नेकचा आकडा आहे.

नेक निघालाच आहे, तर ज्या खाचेत तो बसतो तिच्यात नीट बघा. पिकगार्डखाली बघा, ब्रिजखाली बघा. गॅरेजवाला घाईत असतो, त्यानं या जागा क्वचितच पुऱ्या खरवडलेल्या असतात. तिथं लालाच्या कडेला आधीचा रंग डोकावतो. आणि इथं तुमचं नशीब थोडं चांगलं असू शकतं. फेंडरनं १९६८ च्या सुमारास नायट्रो लॅकर सोडून पॉलिएस्टर धरलं. काचेसारखा जाड, कडक थर. गावाकडचा ड्युको हा एनसी, म्हणजे नायट्रोच्याच जातीचा रंग, तो थिनरमध्ये विरघळतो. वाळून कडक झालेलं पॉलिएस्टर थिनरला दाद देत नाही. म्हणजे पेंटरनं लाकडापर्यंत न घासता नुसता वॉटर पेपर फिरवून वरून लाल मारला असेल, तर खालचा सनबर्स्ट जिवंत निघू शकतो. मी दोनदा काढलाय. कापसाचा बोळा, थोडा थोडा थिनर, एका वेळी पोस्टकार्डाएवढी जागा, दोन-अडीच आठवडे. एकदा खाली सुंदर तपकिरी निघाला. दुसऱ्यांदा खाली लांबी (पेंटरची पुट्टी), तिच्याखाली उघडं लाकूड, आणि माझे पंधरा दिवस पाण्यात.

हा प्रयोग तुम्ही करू नका. विशेषतः डोक्यावर थिनरचा बोळाही नको. डोक्याच्या दर्शनी भागावर त्यांनी नंतरही नायट्रोच ठेवलं होतं, कारण पॉलिएस्टरशी नावाच्या स्टिकरचं जमत नव्हतं. थिनर लागला की नाव आधी जातं.

ड्युकोला आपण नावं ठेवतो, पण साठच्या दशकात जास्तीचे पैसे भरून मिळणारे फेंडरचे खास रंग मोटारीचेच होते, ड्युपाँटचे ड्युको आणि ल्युसाइट. दोष रंगाचा नाही. तो कारखान्यात लागला की किंमत वाढते आणि जालना रोडवरच्या गॅरेजात लागला की अर्धी होते. विचित्र आहे, पण बाजार असाच चालतो.

नेक आणि डोक्याची तपासणी करायची तर मोंढ्यातल्या कुठल्याही आडत्याकडे असतो तो नोटा तपासायचा जांभळा दिवा चालतो. अंधाऱ्या खोलीत धरा. जुनं नायट्रो पिवळट-हिरवट चमकतं, नंतर लावलेला रंग किंवा लॅकर वेगळं दिसतं, डोकं मोडून चिकटवलेलं असेल तर रेघ उठून दिसते.

आता पैशाचं. मूळ अवस्थेतला, सगळे भाग अस्सल असलेला १९७५-७६ चा जॅझ बास अमेरिकेत साधारण तीन-चार हजार डॉलरच्या घरात जातो, अवस्थेप्रमाणे वर-खाली. आपल्याकडे ढोबळ तीन लाख धरा. (जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीनं फेंडर विकत घेतली, त्याआधीचे बास पाच आकडी डॉलरमध्ये जातात. तुमचा त्यातला नाही, तेव्हा ती स्वप्नं नकोत.) हे तीन लाख म्हणजे शंभर रुपये समजा. रंग बदललाय, शंभराचे पन्नास. हा नियम सगळीकडे पाळला जातो, त्यात घासाघीस फारशी चालत नाही. त्या पन्नासातून कोरलेल्या भोकाचा तिसरा हिस्सा गेला, उरले तेहतीस-चौतीस. एक मूळ पिकअप गायब, दोन चाव्या गायब, पिकगार्ड सनमायकाचा, फ्रेट नाहीत: आणखी आठ-दहा. म्हणजे पंचवीसच्या आसपास. तीन लाखांचे पाऊण लाख. रंगाखाली मूळ थर निघाला तर हाच आकडा लाखाच्या पुढे सरकतो, आणि नेक पिळलेला निघाला तर चाळीस हजारही पुष्कळ झाले.

बघा, मी वजाबाकी उरलेल्यातून केली, शंभरातून नाही. लोक प्रत्येक दोषाचे वेगळे पैसे शंभरातून वजा करतात आणि शेवटी शून्याखाली जातात. जुना वाडा पडला तरी त्याच्या सागवानी तुळया, खांब, दारं विकली जातातच ना? तसंच इथं आहे. नेक, राहिलेला एक पिकअप, ब्रिज, प्लेट, पॉट, दोन चाव्या, प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे, कारण कुठेतरी कुणाचा तरी बास नेमक्या त्याच एका भागासाठी अडून बसलाय. सगळ्यात जास्त नेकला. खूपच खराब झालेला बास अख्खा विकण्यापेक्षा सुटा करून जास्त येतात, हे व्यापाऱ्यांना चांगलं माहीत आहे. पुण्याचा माणूस चाळीस हजार म्हणतोय तो बहुधा याच हिशेबानं. त्याला चोर म्हणणार नाही मी, पण तो तुमच्या चुलत्याचा बास वाजवायला नेत नाहीये एवढं समजून घ्या.

सगळे दोष एका मापाचे नसतात, हे मात्र नीट लक्षात घ्या. चाव्या, ब्रिज, पिकगार्ड, पॉट: पैसे टाकले की मिळतात. फ्रेटचंही मी फार मनावर घेत नाही. फ्रेट झिजणारी वस्तू आहे, वाजवलेल्या बासचे एकदा ना एकदा बदललेलेच असतात. प्रश्न उपटले कसे याचा आहे. गरम सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर फिरवून, खालचं लाकूड-गोंद सैल करून, धारदार चिमट्यानं कडेपासून हळूहळू उचलला तर खाच जशीच्या तशी राहते. पकडीनं ओढला तर खाचेच्या दोन्ही काठांचे टवके निघतात. तुमच्या फिंगरबोर्डवर भिंगातून बघा. खाचेच्या कडा सरळ रेघ असतील तर उत्तम. दात पडल्यासारख्या असतील तर टवके बसवायचं काम वाढलं. खाचेत एम-सील भरलं असेल तर तेही गरम करून, पातळ करवतीच्या पात्यानं काढता येतं, पण खाच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त रुंद असते, हात हलला की फ्रेट ढिला बसतो. शिवाय या नेकला कडेची पट्टी आहे, त्यामुळे प्रत्येक फ्रेटची बूड (खाचेत जाणारा भाग) टोकाला कापून बसवावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती नेक देऊ नका.

लाकूड मात्र परत येत नाही. पिकअपसाठी कोरलेलं भोक तुम्ही त्याच जातीच्या लाकडानं भरा, रेषा जुळवा, वरून रंग द्या, भोक आहेच. हे मी कुणाकडे बोट दाखवून बोलत नाही. १९९० च्या दशकात माझ्याकडे एक वाजवणारा सत्तरचा प्रिसिजन बास (फेंडरचंच दुसरं मॉडेल) घेऊन आला. "आवाज लई जाड येतोय, जरा कडक पायजे, ब्रिजपाशी आणखी एक पिकअप टाका." मी तेव्हा हार्मोनियमच्या दुरुस्तीतून नुकता गिटारीकडे वळलेला. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) नव्हता. पटाशी आणि हातोडी घेतली आणि दुपारभरात खड्डा पाडला. अ‍ॅश लाकूड कडक, त्याचे लांब लांब धागे सुटत होते, पायाशी पांढरट भुगा साचला होता, आणि मला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटत होतं. मजुरी दीडशे रुपये. त्यानं रात्री गणपतीच्या कार्यक्रमात वाजवला, खूश होऊन गेला. आज तो बास माझ्यासमोर आला तर त्या दीडशे रुपयांच्या खड्ड्यानं मालकाचं निदान पन्नास हजारांचं नुकसान केलंय हे मला त्याला सांगावं लागेल. तेव्हा तो वीस वर्षांचा जुना बास होता, बस. विंटेज हा शब्द आमच्या कानावर आला नव्हता.

तुमच्या चुलत्यांनाही म्हणूनच बोल लावू नका. तेव्हा मूळ पिकअप जळाला तर नवा आणायचा कुठून? मुंबईला जाऊन जो मिळेल तो घ्यायचा आणि त्याच्या मापाचं भोक करायचं. १४ एप्रिलला सलग आठ-दहा कार्यक्रम असायचे, वाद्य बंद ठेवून चालायचं नाही. फ्रेट उपटण्यामागं बहुतेक अमेरिकन बासवादक जाको पास्टोरियस असणार. त्यानं १९६२ च्या जॅझ बासवर फ्रेटशिवाय वाजवून जगभरच्या बासवाल्यांना वेड लावलं होतं, आणि त्याच्या फिंगरबोर्डवरही बोटींना लावतात तसलं इपॉक्सी होतं. तिकडं मरीन इपॉक्सी, इकडं एम-सील! तो बास १९८६ मध्ये न्यूयॉर्कात चोरीला गेला, वीसेक वर्षांनी सापडला. दुसरा अमेरिकन बासवादक बिली शीहाननं आपल्या प्रिसिजनला गिब्सन कंपनीचा जाडा पिकअप नेकपाशी कोरून बसवला, तोही प्रसिद्ध आहे. असल्या बासची किंमत मोडतोडीमुळे कमी होत नाही, कारण तिथं विकलं जातं ते वाजवणाऱ्याचं नाव. तुमचे चुलते परभणी-हिंगोलीत कितीही गाजलेले असोत, घेणारा त्याचे पैसे देणार नाही.

नेकची परीक्षा घरीच करता येते आणि माझ्या मते सगळा व्यवहार तिच्यावर आहे. तारा पुन्हा सुरात लावा, एक दिवस तशाच राहू द्या. दोन फुटी स्टीलची पट्टी फिंगरबोर्डवर उभी धरा. मधे कागदभर फट दिसली तर ठीक. पट्टी मधल्या भागावर डुलत असेल तर नेक मागं वाकलाय. पत्र्याच्या घरात माळ्यावर वीस उन्हाळे काढलेल्या वाद्याला हे होतं, आपल्याकडे मे महिन्यात लाकडातला उरलासुरला ओलावाही निघून जातो. डोक्याकडे गोळीच्या टोकासारखा जो नट दिसतो त्यानं हे दुरुस्त होतं, पण त्यासाठी इंची मापाची ॲलन की लागते. मिलिमीटरची 'जवळपास बसणारी' घालून फिरवलीत तर आतलं भोक गोल होईल. पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. नट नुसताच गरगर फिरतोय, ताण लागत नाही, असं झालं तर आतला रॉड तुटलेला असू शकतो. तिथं थांबा आणि घेणाऱ्याला तसं सांगा. आणि बॉडीकडच्या टोकाला डोळा लावून डोक्याकडे बघा: दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक वर, एक खाली दिसली तर नेक पिळलाय, आणि मग मघाचं पाऊण लाख विसरा.

राहिलेल्या पिकअपच्या वायरींवर मल्टिमीटर लावा, पण त्याचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून आणि दुसऱ्या पिकअपचा पूर्ण बंद करून, नाहीतर वाचन चुकेल. जमत असेल तर एक टोक सोडवूनच मोजा. सात-आठ किलोओहम दाखवलं तर जिवंत. काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय, तरीही फेकू नका. मेलेला मूळ पिकअपही पुन्हा गुंडाळून घेता येतो आणि विकलाही जातो.

विकायचं कुठं? मराठवाड्यात गिऱ्हाईक नाही. ऑक्टापॅड आणि कीबोर्ड आले, बासचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर गेलं आणि बास माळ्यावर. मुंबई, बंगळुरू, शिलाँग, तिकडं वाजवणारे आहेत ज्यांना सत्तरचा फेंडर हवाय पण तीन लाख नाहीत. त्यांना रंगवलेलाच परवडतो. अशाला विकलात तर सगळे दोष फोटोसकट आधीच दाखवा: खाच, भोक, पॉटचे आकडे, टाच. लपवलेला दोष घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सापडतो. सांगितलेल्या दोषाचे पैसे एकदाच कटतात. नव्वद सांगा, सत्तरच्या खाली येऊ नका. नेक सरळ असेल तर.

पण त्याआधी घर हुडका. चुलत्यांनी काढलेला पिकअप, दोन चाव्या, काळा किंवा पांढरा मूळ पिकगार्ड, आणि पिकअपवर व ब्रिजवर असायची ती क्रोमची दोन झाकणं. झाकणं वाजवताना हाताला लागतात म्हणून जवळजवळ प्रत्येकानं काढून टाकली, आणि म्हणूनच आज त्यांना मागणी आहे. लोक असल्या वस्तू फेकत नाहीत, बिस्किटाच्या डब्यात खिळ्या-स्क्रूंबरोबर पडून असतात. घरी नसतील तर चुलत्यांबरोबर वाजवणारे कोण हयात आहेत ते बघा. ऑर्केस्ट्राचं सामान बहुतेक ड्रमवाल्याकडे असायचं, कारण त्याच्या घरी जागा लागायचीच. त्याच्याकडे जा, चहा घ्या, आणि जुन्या वायरींची पेटी उघडून दाखवायला सांगा. मूळ पिकअप सापडला तर मला तळाचा फोटो पाठवा, मग पुण्याच्या माणसाला काय सांगायचं ते ठरवू.